मल्टिस्टेज, ट्यून्ड आणि डिफरन्शियल अ‍ॅम्प्लिफायर: कागदावरच्या गणितापासून ब्रेडबोर्डपर्यंत

एका ट्रान्झिस्टरची कॉमन एमिटर स्टेज बहुतेकांना जमते. बायस लागतो, गेन निघतो, स्कोपवर मोठी झालेली साइन वेव्ह दिसते. घोळ सुरू होतो तो त्यानंतर. दुसरी स्टेज जोडली की गेन गणितापेक्षा निम्म्याहून कमी भरतो. कॉइल आणि कपॅसिटर लावला की तो भलत्याच फ्रीक्वेन्सीवर वाजतो, नाहीतर वाजतच नाही. डिफरन्शियल जोडी बांधली की एक ट्रान्झिस्टर बहुतेक सगळा करंट खातो आणि दुसरा जवळपास बंद पडतो.

तिन्ही ठिकाणची चूक बहुधा एकच असते. स्टेजचा हिशोब ती एकटीच असल्यासारखा केलेला असतो. म्हणून या लेखात प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा आहे: या टोकातून पाहिलं तर किती ओहम दिसतात?

सोबत बीसी५४७ किंवा २एन३९०४ जातीचे पाच-सहा ट्रान्झिस्टर, १२ व्होल्टचा सप्लाय (डिफरन्शियलसाठी ±१२), मल्टिमीटर, सिग्नल जनरेटर आणि स्कोप हवा. बीटा (बेस करंटच्या किती पट कलेक्टर करंट वाहतो तो आकडा) सगळीकडे २०० धरला आहे. प्रत्यक्षात तो नगानगाला बदलतो, त्यामुळे तुमचे आकडे दहा-वीस टक्के इकडेतिकडे झाले तर बिचकू नका.

पायरी १: पाया पक्का करा

बेसला वरून (सप्लायकडून) ५६ किलोओहम, खालून (ग्राउंडकडे) १० किलोओहम. एमिटरला १ किलोओहम, कलेक्टरला ४.७ किलोओहम. डिव्हायडर बेसला सुमारे १.८ व्होल्ट देतो. त्यातून ०.६५ वजा केले आणि बेस करंटमुळे पडणारा थोडा व्होल्टेज सोडला, की एमिटरवर १.१ व्होल्ट उरतात. म्हणजे करंट १.१ मिलिअँपिअर आणि कलेक्टर साधारण ६.८ व्होल्टवर.

सिग्नल देण्याआधी हे तीन व्होल्टेज मीटरने मोजा. डीसी चुकलेलं असताना स्कोप जोडणं म्हणजे वेळेचा नुसता अपव्यय.

आता गेन. ट्रान्झिस्टरच्या एमिटरचा अंतर्गत रेझिस्टन्स म्हणजे २५ मिलिव्होल्ट भागिले करंट, इथे सुमारे २३ ओहम. एमिटर रेझिस्टर कपॅसिटरने पूर्ण बायपास केला तर गेन ४७०० भागिले २३, म्हणजे साधारण २०४. हाच आकडा दुसऱ्या वाटेनेही येतो: कलेक्टर रेझिस्टरवर पडलेले ५.२ व्होल्ट भागिले २५ मिलिव्होल्ट. या दुसऱ्या वाटेतून एक गोष्ट लक्षात येते. करंट दुप्पट केला तर कलेक्टर रेझिस्टर निम्मा करावा लागतो आणि गेन जागचा हलत नाही. सप्लाय तोच ठेवून अशा साध्या स्टेजमधून दोनशेच्या आसपासच गेन निघतो. जास्त हवा असेल तर दुसरी स्टेज आलीच.

पायरी २: दुसरी स्टेज जोडा आणि तोटा मोजा

तशीच दुसरी स्टेज बांधली. कागदावर २०४ गुणिले २०४, म्हणजे एक्केचाळीस हजारांच्या वर. प्रत्यक्षात मात्र पहिल्या कलेक्टरमधून पुढे पाहिलं तर दुसऱ्या स्टेजचा इनपुट दिसतो: डिव्हायडरचे ८.५ किलोओहम आणि त्याला समांतर बीटा गुणिले २३, म्हणजे ४.६ किलोओहम. दोन्ही मिळून ३ किलोओहम. हे ३ किलोओहम पहिल्या कलेक्टरच्या ४.७ किलोओहमला समांतर बसतात, उरतात १.८३. पहिल्या स्टेजचा गेन २०४ वरून ८० वर घसरतो आणि एकूण गेन १६,३०० होतो. डेसिबलमध्ये ९२ ऐवजी ८४.

हा ८४ डेसिबलचा पिंजरा ब्रेडबोर्डवर बांधूही नका. दोन कॉमन एमिटर स्टेज म्हणजे दोनदा उलटलेला सिग्नल, म्हणजे आउटपुट आणि इनपुट एकाच फेजमध्ये. आउटपुटची वायर इनपुटजवळून गेली तरी सर्किट शिट्टी मारू लागतं.

त्यापेक्षा एमिटरचा १ किलोओहम दोन भागांत तोडा: १०० ओहम वर, ९१० खाली, आणि बायपास कपॅसिटर फक्त ९१० ला समांतर. आता एमिटरला सिग्नलसाठी २३ अधिक १०० म्हणजे १२३ ओहम दिसतात. एकट्या स्टेजचा गेन ३८ होतो, पण इनपुट रेझिस्टन्स ३ वरून ६.३ किलोओहमवर चढतो. जोडल्यावर पहिली स्टेज २२, दुसरी ३८, एकूण ८३६. गेन बराच गेला हे खरं, पण आता तो ट्रान्झिस्टरवर कमी आणि रेझिस्टरवर जास्त अवलंबून आहे. ट्रान्झिस्टर बदलला तरी आकडा फारसा हलणार नाही. माझ्या मते शिकणाऱ्याने नेहमी याच रूपापासून सुरुवात करावी.

मोजताना एक अडचण येते. ८३६ गेनला इनपुट दोन-चार मिलिव्होल्टच चालतो आणि बऱ्याच जनरेटरना एवढा लहान सिग्नल स्वच्छ देता येत नाही. जनरेटर २०० मिलिव्होल्टवर ठेवा आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या अगदी तोंडाशी १० किलोओहम व १०० ओहमचा डिव्हायडर लावा. शंभरपट लहान, म्हणजे २ मिलिव्होल्ट सिग्नल मिळतो.

आता पहिल्या कलेक्टरवर स्कोप लावा आणि दोन स्टेजमधल्या कपलिंग कपॅसिटरचं एक टोक उचला. ७६ मिलिव्होल्टच्या आसपास दिसेल. टोक परत खोचा, ४४ पर्यंत खाली येईल. लोडिंग म्हणतात ते हेच, आणि एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरायला होत नाही. शिवाय या दोन आकड्यांतून पुढच्या स्टेजचा इनपुट रेझिस्टन्सही निघतो: ४४ भागिले ७६ म्हणजे ०.५८, आणि ४.७ किलोओहमबरोबर हे गुणोत्तर यायला पुढे साडेसहा किलोओहमच्या आसपास असायला हवेत. गणितातले ६.३ आणि हे जुळतात.

पायरी ३: कपॅसिटर अंदाजाने लावू नका

सगळीकडे १० मायक्रोफॅरड ठोकून देण्याची सवय फार जणांना असते. इथेही तोच प्रश्न विचारा. कपलिंग कपॅसिटरला दोन्ही बाजूंनी मिळून ४.७ अधिक ६.३, म्हणजे ११ किलोओहम दिसतात. २० हर्ट्झपर्यंत उतरायचं असेल तर १ मायक्रोफॅरड पुरतो, कट-ऑफ साडेचौदा हर्ट्झच्या आसपास येतो. पण एमिटरच्या बायपास कपॅसिटरला दिसतात जेमतेम १२० ओहम! तिथे २० हर्ट्झसाठी ६६ मायक्रोफॅरड लागतात, म्हणून १०० लावा. बास गायब झाला की लोक कपलिंग कपॅसिटर वाढवत बसतात, दोष बहुधा एमिटरपाशी असतो.

इलेक्ट्रोलिटिक वापरत असाल तर कपलिंगचं धन टोक कलेक्टरकडे (६.८ व्होल्ट), ऋण टोक पुढच्या बेसकडे (१.८ व्होल्ट).

स्टेज वाढल्या की बँडविड्थ दोन्ही बाजूंनी आकसते. एकसारख्या दोन स्टेज असतील तर वरची मर्यादा एका स्टेजच्या ०.६४ पट होते आणि खालची १.५५ पट वर सरकते. तीन स्टेजना वरचा गुणक ०.५१. हा ०.६४ ट्यून्ड भागात पुन्हा लागेल.

वरच्या फ्रीक्वेन्सीचा शत्रू म्हणजे मिलर इफेक्ट. कलेक्टर आणि बेस यांच्यामध्ये ३ पिकोफॅरड असतील आणि गेन ८० असेल, तर बेसमधून पाहताना ते ८१ पट, म्हणजे जवळपास २४० पिकोफॅरड दिसतात. उपाय कॅस्कोड: कॉमन एमिटरच्या डोक्यावर एक कॉमन बेस ट्रान्झिस्टर बसवायचा. खालच्या कलेक्टरला वरच्या एमिटरचे २३ ओहमच दिसतात, तिथला गेन एकच्या आसपास राहतो आणि मिलरची हवा निघते.

पायरी ४: सप्लाय वेगळा करा

दोन्ही स्टेज एकाच सप्लायच्या वायरवर लटकल्या असतील तर दुसरीचा करंट त्या वायरवर हेलकावे आणतो आणि ते पहिलीच्या बायसमधून आत शिरतात. तीन स्टेज झाल्या की हे फीडबॅक सरळ पॉझिटिव्ह होतं आणि स्पीकरमधून मोटरबोटीसारखा फटफट आवाज येतो, म्हणून नावही मोटरबोटिंग. पहिल्या स्टेजला सप्लाय २२० ओहममधून द्या आणि तिथून ग्राउंडला २२० मायक्रोफॅरड लावा. कट-ऑफ ३.३ हर्ट्झ येतो आणि व्होल्टेज पाव व्होल्टच्या थोडा वरच पडतो. शिवाय प्रत्येक स्टेजजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक.

स्टेजचा क्रम ठरवताना नॉइज आधी बघा. बेल लॅब्जचे हॅराल्ड फ्रिस यांनी १९४४ साली मांडलेलं सूत्र सांगतं की दुसऱ्या स्टेजचा नॉइज पहिलीच्या गेनने भागला जातो. म्हणून शांत ट्रान्झिस्टर आणि चांगले मेटल फिल्म रेझिस्टर पहिल्या स्टेजलाच लावा, मागे साधे चालतात.

कपलिंगच्या बाकी प्रकारांबद्दल थोडक्यात. ट्रान्सफॉर्मर लोड जुळवतो, पण जड असतो. डायरेक्ट कपलिंगमध्ये कपॅसिटरच नसल्यामुळे डीसीपर्यंत गेन मिळतो, मात्र पहिल्या स्टेजचा तापमानामुळे सरकलेला प्रत्येक मिलिव्होल्ट पुढच्या गेनने गुणला जातो. त्यावरचा उतारा डिफरन्शियल जोडी, तिच्याकडे शेवटी येऊ.

पायरी ५: ट्यून्ड स्टेज, म्हणजे लोडचा खरा कस

कलेक्टर रेझिस्टरच्या जागी कॉइल आणि कपॅसिटर समांतर लावले की स्टेज एकाच फ्रीक्वेन्सीवर पूर्ण लोड पाहते, बाकीच्यांना जवळपास शॉर्ट. उदाहरणाला एएम रेडिओची इंटरमीडिएट फ्रीक्वेन्सी घेऊ, ४५५ किलोहर्ट्झ. कपॅसिटर १८० पिकोफॅरड धरला तर कॉइल ६८० मायक्रोहेन्री निघते. या फ्रीक्वेन्सीला तिचा रिअ‍ॅक्टन्स १.९४ किलोओहम. कॉइलचा क्यू (रेझोनन्स किती धारदार आहे ते सांगणारा आकडा) १०० असेल तर रेझोनन्सला टँक, म्हणजे ही कॉइल-कपॅसिटरची जोडी, १९४ किलोओहमच्या रेझिस्टरसारखा दिसतो.

आता त्याच्यावर पुढच्या स्टेजचा ३ किलोओहमचा इनपुट कपॅसिटरने थेट जोडून बघा. क्यू १०० वरून दीडवर! निवड करण्याची ताकद पूर्ण संपली. म्हणून आयएफ (इंटरमीडिएट फ्रीक्वेन्सी) ट्रान्सफॉर्मरला कमी वेढ्यांची सेकंडरी असते. वेढ्यांचं गुणोत्तर ८ ठेवलं की ३ किलोओहम प्रायमरीला ६४ पट, म्हणजे १९२ किलोओहम दिसतात. ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आउटपुट रेझिस्टन्स १०० किलोओहम धरा. तिन्ही समांतर केले की ४९ किलोओहम उरतात, क्यू २५ आणि बँडविड्थ ४५५ भागिले २५, म्हणजे १८ किलोहर्ट्झ. एकसारख्या दोन स्टेज लावल्या की मघाचा ०.६४ गुणक लागतो आणि साडेअकरा किलोहर्ट्झ हाती येतात. एएम स्टेशनला एवढं पुष्कळ झालं.

हे मोजताना स्कोपचा प्रोबच घात करतो. दहापट प्रोबची स्वतःची कपॅसिटन्स १२ पिकोफॅरडच्या आसपास असते. तो कलेक्टरला लावलात की टँकमध्ये १८० ऐवजी १९२ पिकोफॅरड होतात आणि ४५५ चा टँक ४४०.५ वर जातो. साडेचौदा किलोहर्ट्झची घसरण, म्हणजे जवळजवळ सगळी बँडविड्थच. तुम्ही प्रोब लावून झकास ट्यून करता, प्रोब काढता आणि टँक सुटून जातो. प्रोब नेहमी सेकंडरीवर लावा. तिथले १२ पिकोफॅरड प्रायमरीला ६४ ने भागून दिसतात, ०.२ देखील नाही.

अलाइनमेंट शेवटच्या स्टेजपासून पुढच्या बाजूकडे, म्हणजे इनपुटकडे करत यायचं. सिग्नल जितका लहान ठेवता येईल तितका ठेवा. मोठ्या सिग्नलला स्टेज क्लिप होते आणि शिखर सपाट होऊन कुठे थांबायचं ते कळत नाही. एजीसी (सिग्नलप्रमाणे गेन आपोआप कमी-जास्त करणारं सर्किट) असेल तर तो बंद करा किंवा एका व्होल्टेजला बांधून टाका. कोअर फिरवायला प्लास्टिकचं टूल वापरा. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर जवळ आला की इंडक्टन्स बदलतो, आणि फेराइट कोअर जोर लावला की तडकतो.

शिट्टी वाजली तर? ३ पिकोफॅरडच्या त्याच कलेक्टर-बेस कपॅसिटन्सला ४५५ किलोहर्ट्झवर विचारा तो किती ओहम दाखवतो. ११७ किलोओहम. टँकचे ४९ आणि हे ११७ एकाच मापाचे, म्हणजे आउटपुटचा चांगला वाटा बेसकडे परत येतोय. इनपुटलाही ट्यून्ड सर्किट असेल तर ऑसिलेटर तयारच. व्हॉल्व्हच्या काळात लुई हेझल्टाइन यांनी उलट फेजचा सिग्नल लहानशा कपॅसिटरने परत देऊन हे मारलं, त्याला न्यूट्रलायझेशन म्हणतात. आज कॅस्कोड किंवा ड्युअल गेट मॉसफेट वापरणं सोपं पडतं. तेवढं नको असेल तर कलेक्टर टँकच्या टोकाऐवजी मधल्या टॅपला जोडा. आयएफ कॅनच्या प्रायमरीला तीन पाय असतात ते त्यासाठीच. ट्रान्झिस्टरचे १०० किलोओहमही मग टँकला कमी त्रास देतात.

रुंद पण सपाट बँड हवा असेल तर दोन वाटा. डबल ट्यून्डमध्ये दोन टँक चुंबकीय जोडणीने बांधतात. जोडणीचा गुणांक १ भागिले क्यू इतका असला की माथा सपाट येतो, वाढवला की दोन उंचवटे दिसतात. स्टॅगर ट्यून्डमध्ये दोन स्टेज मुद्दाम वेगवेगळ्या ट्यून करतात. एकूण बँडविड्थ हवी असेल त्याच्या ०.३५ पट एक वर आणि एक खाली, आणि प्रत्येकीची स्वतःची बँडविड्थ ०.७१ पट. अलाइन करायला स्टॅगर पुष्कळ सोपं, मी तेच निवडेन.

पायरी ६: डिफरन्शियल जोडी

ब्रिटिश इंजिनिअर अ‍ॅलन ब्लूमलाइन यांनी १९३६ साली लाँग-टेल्ड पेअरच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा ती व्हॉल्व्हची होती. ट्रान्झिस्टरने बांधताना दोघांचे एमिटर एकत्र करून १० किलोओहमने (हाच टेल) उणे १२ ला न्या, दोन्ही कलेक्टरना १०-१० किलोओहम अधिक १२ पर्यंत. दोन्ही बेस ग्राउंडच्या पातळीवर. टेलमधून १.१३ मिलिअँपिअर जातात, दोघांना निम्मे निम्मे, म्हणजे ०.५७. कलेक्टर ६.३ व्होल्टवर दिसले पाहिजेत.

दिसत नाहीत? एक साडेचारच्या आसपास आणि दुसरा ८ च्या वर असेल तर आधी बेसची वाट तपासा. एका बेसला १० किलोओहम आणि दुसरा थेट ग्राउंडला, ही हमखास होणारी चूक. बेस करंट २.९ मायक्रोअँपिअर, म्हणजे १० किलोओहमवर २८ मिलिव्होल्ट. नगण्य वाटतात, पण या जोडीत १८ मिलिव्होल्टच्या फरकाला एकाचा करंट दुसऱ्याच्या दुप्पट होतो आणि ६० ला दहास एक. २८ मिलिव्होल्टने वाटणी तीनास एककडे जाऊ लागते, पण त्या ट्रान्झिस्टरचा करंट घटला की हे मिलिव्होल्टही घटतात आणि शेवटी दोनास एकच्या आसपास वाटणी होऊन बसते. दोन्ही बेसना सारखेच १० किलोओहम लावा, दोन्हीकडे सारखेच २८ पडतील आणि हिशोब फिटेल. इनपुट कपॅसिटरमधून देत असाल तर बेसला ग्राउंडपर्यंत डीसी वाट ठेवायला विसरू नका.

मग एका ट्रान्झिस्टरला दोन बोटांत धरा. कलेक्टरचे व्होल्टेज हळूहळू सरकताना मीटरवर दिसतील, कारण बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला २ मिलिव्होल्टने उतरतो. दोन्ही ट्रान्झिस्टरच्या सपाट बाजू एकमेकींना चिकटवून वर हीट-श्रिंक घाला आणि पुन्हा धरा. आता दोघे एकत्र तापतात आणि फरक खूपच कमी पडतो. सीए३०४६ सारख्या ट्रान्झिस्टर अ‍ॅरेमध्ये किंवा बीसीएम८४७ सारख्या जुळ्या ट्रान्झिस्टरमध्ये हे काम आधीच झालेलं असतं.

गेन काढताना सिग्नलला दोन्ही एमिटरचे मिळून ८८ ओहम दिसतात, म्हणून एका कलेक्टरवरून घेतला तर गेन १० किलोओहम भागिले ८८, सुमारे ११४. दोन्ही बेसना एकच सिग्नल दिला तर मात्र प्रत्येक एमिटरला टेल दुप्पट, म्हणजे २० किलोओहम दिसतो आणि गेन फक्त ०.५ राहतो. या दोन गेनचं गुणोत्तर म्हणजे सीएमआरआर (कॉमन मोड रिजेक्शन रेशो), इथे २२८ किंवा ४७ डेसिबल.

हे वाढवायला टेल रेझिस्टर मोठा करून चालत नाही, करंट संपतो. त्याच्या जागी तिसरा ट्रान्झिस्टर करंट सोर्स म्हणून लावा: त्याचा एमिटर १ किलोओहमने उणे १२ ला, बेस आणि उणे १२ यांच्यामध्ये लाल एलईडी, ग्राउंडपासून बेसपर्यंत १० किलोओहम. एलईडीवर १.८ व्होल्ट, एमिटर रेझिस्टरवर १.१५, म्हणजे करंट जवळपास तोच. पण एमिटरमधून खाली पाहिलं तर आता १० किलोओहमऐवजी मेगाओहमच्या घरात रेझिस्टन्स दिसतो. १ मेगाओहम धरला तरी सीएमआरआर ८७ डेसिबलपर्यंत पोहोचतो.

तपासणी दोन टप्प्यांत करा. दोन्ही बेस एकत्र बांधून १ व्होल्ट, १ किलोहर्ट्झ द्या आणि एका कलेक्टरवर मोजा. नंतर एक बेस त्याच्या १० किलोओहमवरच ठेवून कपॅसिटरने ग्राउंड करा आणि दुसऱ्याला ५ मिलिव्होल्ट द्या. याहून फार मोठा सिग्नल नको, कारण ही जोडी २५ मिलिव्होल्टच्या अलीकडेच वाकडी व्हायला लागते आणि १०० ला करंट जवळपास पूर्ण एका बाजूला जातो. एफएम रिसीव्हरच्या १०.७ मेगाहर्ट्झ स्टेजमध्ये हाच दोष गुण ठरतो: अशा जोड्या लिमिटर बनून अ‍ॅम्प्लिट्यूडमधला गोंगाट कापून टाकतात.

पायरी ७: तयार सर्किट वाचून पाहा

एवढं बांधून झालं की ७४१ या ऑप-अ‍ॅम्पची अंतर्गत आकृती समोर घ्या. फेअरचाइल्डने तो १९६८ मध्ये आणला. इनपुटला डिफरन्शियल जोडी, कलेक्टर रेझिस्टरच्या जागी करंट मिरर (एका बाजूचा करंट दुसऱ्या बाजूला तसाच उतरवणारी ट्रान्झिस्टरची जोडी). दुसऱ्या स्टेजच्या तोंडाशी एक एमिटर फॉलोअर (आउटपुट एमिटरवरून घेणारी, गेन जवळपास एक आणि इनपुट रेझिस्टन्स मोठा असलेली स्टेज) बसवलाय, पहिलीवर लोड येऊ नये म्हणून. शेवटी आउटपुटला पुन्हा फॉलोअर, बाहेरच्या लोडसाठी. आणि दुसऱ्या स्टेजच्या इनपुट-आउटपुटमध्ये ३० पिकोफॅरडचा एक छोटा कपॅसिटर: पायरी ३ मध्ये ज्याला शत्रू म्हटलं तोच मिलर इफेक्ट, इथे मुद्दाम कामाला लावलेला. स्टेजच्या गेनने तो कित्येक पट मोठा दिसतो आणि दोन लाखांचा ओपन लूप (म्हणजे फीडबॅकशिवायचा) गेन ५ हर्ट्झपासूनच उतरवायला लागतो. १ मेगाहर्ट्झला गेन एकवर येतो, त्यामुळे आउटपुट सरळ इन्व्हर्टिंग (उणे) इनपुटला जोडलं तरी ७४१ शिट्टी मारत नाही.